कारभार म्हणजे सरकार नव्हे



या सदरात आपण नेहमी बियाणे, खत, कीड आणि पाणी यांविषयी बोलतो. आज एका शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्दाला ना खत लागते ना फवारणी, मग त्याच्यासाठी पान कशाला खर्ची घालता, असे कोणी म्हणेल. परंतु शब्दाचा अर्थ चुकला तर उभे पीक हातचे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून हा प्रपंच.

मध्यंतरी साक्री तालुक्यात पाणी वापर संस्थांच्या सभासदांचे एक शिबिर झाले. शहरातून आलेल्या व्याख्यात्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘गव्हर्नन्स’ असे लिहिले आणि ते तासभर बोलले. पारदर्शकता, उत्तरदायित्व, लोकसहभाग, सक्षमीकरण असे एकापेक्षा एक वजनदार शब्द आले. मंडळी मान डोलावत होती. शेवटी ‘‘काही शंका?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. त्यांची जमीन पाटाच्या अगदी शेवटाला, ज्याला आपण सगळे ‘टेल’ म्हणतो तिथे. ते म्हणाले, ‘‘साहेब, पाणी सरकारनं, पाट सरकारना. मंग आमनं काय शे?’’

सभेत हशा पिकला. व्याख्यातेही हसले आणि चहाची वेळ झाली. मला मात्र हसू आले नाही. तासाभराच्या व्याख्यानात जे सुटले होते, तेच आजोबांनी एका वाक्यात विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

शब्दाचे मूळ नावाड्याकडे

गव्हर्नन्स हा शब्द इंग्रजीतून आला, पण तो इंग्रजांचा मूळचा नव्हे. त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. नाव वल्हवताना सुकाणू धरून तिला दिशा देणे, असा त्या मूळ शब्दाचा अर्थ. पुढे लॅटिन भाषेतून तो युरोपभर गेला. गव्हर्नर आणि गव्हर्नमेंट हे त्याच घराण्यातले शब्द.

तापीवर आजच्यासारखे पूल नव्हते तेव्हा लोक होडीने पैलतीरी जात. होडीत बसणारे वीस, सुकाणूवर एक. पण कुठे जायचे हे सुकाणूवाला ठरवत नसे, बसणारे ठरवत. कोणी कुठे बसायचे, पाण्याला ओढ असेल तर निघायचे की थांबायचे, उतारूंनी किती द्यायचे, हे सगळे ठरलेले असे. त्या सगळ्या ठरावठरावीला मिळून गव्हर्नन्स म्हणावे. नावाडी म्हणजे त्यातला एक माणूस.

या शब्दाचा बोलबाला अलीकडचा. १९८९ साली जागतिक बँकेने आफ्रिकेतील देशांविषयी एक अहवाल काढला. पैसा दिला, तज्ज्ञ पाठवले, तरी कामे का फसतात, याचा विचार करताना त्यात गव्हर्नन्सच्या संकटाचा उल्लेख झाला. तेव्हापासून हा शब्द जगभरच्या कागदपत्रांत शिरला. आपल्याकडे ई-गव्हर्नन्स आले. २०१४ पासून २५ डिसेंबर हा सुशासन दिन म्हणून पाळला जातो. कंपन्यांचे लोकही आपापल्या गव्हर्नन्सची भाषा बोलू लागले.

शब्द मोठा झाला की तो ढगासारखा होतो. सर्वांच्या डोक्यावरून जातो, पडत मात्र कुठेच नाही.

शासन की कारभार?

मराठीत या शब्दासाठी सहसा ‘शासन’ किंवा ‘सुशासन’ वापरतात. शब्द शुद्ध आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण खेड्यातल्या माणसाच्या कानाला ‘शासन’ म्हणजे काय? ‘महाराष्ट्र शासन’ असे लिहिलेली पाटी, शासन निर्णयाचा कागद, जीप आणि साहेब. शिवाय ‘चोराला शासन झाले’ म्हणजे शिक्षा झाली, हाही एक अर्थ आहेच. त्यामुळे सुशासन म्हटले की ते मुंबईत मंत्रालयात व्हायचे आणि आपण त्याची वाट पाहायची, असा समज होतो. वाट पाहणारा माणूस पाटाची दुरुस्ती करीत नाही आणि पाळीही राखत नाही.

आपल्या बोलीत याहून चांगला शब्द पूर्वीपासून आहे. तो म्हणजे ‘कारभार’. आपल्या कानाला त्यात काम आणि भार दोन्ही ऐकू येतात. घरचा कारभार असतो, देवळाचा असतो, सोसायटीचा असतो आणि राज्याचाही असतो. आमच्या खान्देशात बाई नवऱ्याचे नाव न घेता ‘कारभारी’ म्हणते, आणि घर चालवणारी कारभारीण असते. सरकार एकच, कारभार मात्र प्रत्येक उंबऱ्याच्या आत आहे.

आखाजीला आपण सालदार ठेवतो तेव्हा काय करतो? काम कोणते, धान्य किती, रोकड किती, खाडे झाले तर काय, हे चार माणसांदेखत बोलून घेतो. तिथे सरकार नसते, फौजदार नसतो. तरी वर्ष निभते, कारण ठरलेले असते आणि ठरलेले सर्वांना ठाऊक असते. याचेच नाव कारभार.

‘बारभाईचा कारभार’ हे शब्द आपण नावे ठेवताना वापरतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर १७७४ मध्ये नाना फडणवीस, सखारामबापू आदी मुत्सद्द्यांनी मिळून राज्य सांभाळले, ते बारभाई. त्यांनी तर अडचणीच्या वेळी राज्य तोलून धरले. तरी त्यांच्या नावाला आज गोंधळाचा अर्थ चिकटला आहे. चारचौघांनी मिळून चालवलेले काम बिघडायचेच, अशी आपली समजूत. ही समजूत खोटी आहे, आणि खोटी असल्याचा पुरावा आपल्याच धुळे जिल्ह्यात आहे.

पांझरेचे फड

पांझरा नदी साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरात उगम पावते, पूर्वेला धुळे शहरातून वाहते आणि पुढे उत्तरेला वळून तापीला मिळते. या नदीवर आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. सामोडे, पिंपळनेर या बाजूच्या जुन्या मंडळींना ती मी सांगायला नको. पण जळगावकडच्या वाचकांसाठी आणि आपल्या तरुण मुलांसाठी थोडक्यात सांगतो.

नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग म्हणजे लहान दांड. जादा पाणी बाहेर काढायला सांडम. या पाण्याखालची जमीन साधारण चार भागांत वाटलेली असे. त्या एकेका भागाला फड म्हणत. फड दहा हेक्टरांपासून दोनशे हेक्टरांपर्यंत कितीही मोठा असू शके.

नियम असा, की एका फडात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी. कोणत्या फडात काय घ्यायचे हे दर वर्षी गाव बसून ठरवी. पाणी कमी दिसले तर एखादा फड पडीक ठेवायचा. बहुतेक खातेदारांची जमीन निरनिराळ्या फडांत थोडीथोडी असल्याने तोटा एकट्याच्या डोक्यावर पडत नसे. दुष्काळ आला तर तो सर्वांच्या वाट्याला सारखा येई. आपल्या पूर्वजांची ही बुद्धी पाहून मी कृषी शास्त्राचा पदवीधर असूनही थक्क होतो.

आणखी एक गोष्ट पाहा. एका फडात एकच पीक असल्याने सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागते. त्यामुळे एका टोकापासून सुरुवात करून वावरामागून वावर भिजवत जायचे. हे शेत पाटलाचे, ते शेत कुणब्याचे, असा भेद करायला जागाच उरत नाही. राखणीलाही सगळ्या फडाला एक जागल्या पुरतो. पिकांची फेरपालट होते म्हणून जमिनीचा कस टिकतो. एका फडात सतत पाणी साचून जमीन चोपण होण्याचा धोकाही कमी होतो.

काम वाटून दिलेले असे. पाणी सोडणारा पाटकरी. फडात वावरावावराला पाणी देणारा बारेकरी. राखण करणारा जागल्या. या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार. आणि सर्वांच्या वर पंच. या माणसांचा मोबदला शेतकरी आपल्या पिकातून वा रोखीने देत. पाट साफ करायला जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाने माणूस द्यायचा किंवा पैसे भरायचे.

इंग्रजी अमलात १८८४ साली तरुण अभियंता म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या धुळ्याकडे नेमणुकीवर आले होते. पांझरेच्या पाटासाठी नळाचा सायफन बसवण्याचे काम त्यांनी येथे केले. पुढे भारतरत्न झालेल्या या माणसाच्या नोकरीची सुरुवात आपल्या मुलखातली. पण ते येण्याच्या कितीतरी आधीपासून येथले शेतकरी पाणी वाटून घेत होते. अभियंत्याने पाणी नाल्यापलीकडे नेले. ते कोणाच्या वावरात आधी जाईल, हे मात्र गावाने ठरवले. ही दोन कामे वेगळी आहेत. पहिले बांधकाम, दुसरा कारभार.

जगाने हेच मान्य केले

तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टींचे कौतुक पुरे. पण हे कौतुक जगानेही केले आहे. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला तो गायरानांचा, मासेमारीचा, जंगलांचा आणि शेतकऱ्यांनी चालवलेल्या पाटांचा. नेपाळ, फिलिपिन्स, स्पेन येथील पाट त्यांनी तपासले. सामाईक वस्तू एक तर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा खाजगी मालकाला द्यावी, नाहीतर लोक ती ओरबाडून संपवतात, असे मोठमोठे पंडित सांगत. बाईंनी दाखवून दिले की तिसरी वाटही आहे. लोक स्वतः नियम करतात, स्वतः राखण करतात आणि शतकानुशतके ती वस्तू टिकवतात.

स्पेनमध्ये वलेन्सिया नावाचे शहर आहे. तेथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दाराशी पाण्याचे न्यायालय बसते. न्यायाधीश कोण? शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेले शेतकरी. वकील नाही, तारीख नाही. तोंडी तक्रार, तोंडी जबाब, तिथेच निकाल. शेकडो वर्षांचा हा रिवाज २००९ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. आपल्या फडाच्या पंचांचे हे भाऊबंदच म्हणायचे.

कारभार ओळखण्याचे पाच प्रश्न

या सगळ्यांतून मी माझ्यापुरते पाच प्रश्न काढले आहेत. पाणी वापर संस्था असो, ग्रामपंचायत असो, दूध सोसायटी असो की बचत गट असो, हे पाच प्रश्न विचारून पाहा.

पहिला, ठरवतो कोण? दुसरा, नियम कोणता आणि तो शेवटच्या माणसाला ठाऊक आहे का? तिसरा, राखण कोण करतो? चौथा, नियम मोडला तर काय होते, आणि मोठ्या माणसाने मोडला तरी तेच होते का? पाचवा, हिशेब कोणापुढे आणि केव्हा मांडला जातो?

पाचांची उत्तरे मिळाली तर कारभार आहे, मग गावात पाटी असो वा नसो. उत्तरे मिळाली नाहीत तर कारभार नाही, मग पाटी कितीही रंगवलेली असो. फडाच्या जुन्या पंचाला गव्हर्नन्स हा शब्द ठाऊक नव्हता, पण पाचही उत्तरे त्याच्या तोंडपाठ होती. आज उलटे झाले आहे.

फड मोडले का, याचेही उत्तर यात आहे. पांझरेवर लाटीपाडा, अक्कलपाडा अशी धरणे झाली. बंधारे पाटबंधारे खात्याकडे गेले. गावोगाव वीज आली, विहिरी झाल्या, मोटारी बसल्या. यात वाईट काही नाही. माझ्याही विहिरीवर मोटार आहे. पण ज्याच्या विहिरीला पाणी, त्याला पंचांची गरज उरली नाही. ज्याला ऊस घ्यायचा त्याने फडाचा नियम मोडून ऊस घेतला. एकाने मोडला, त्याला कोणी काही म्हटले नाही. मग दुसऱ्याने मोडला. चौथ्या प्रश्नाचे उत्तर हरवले आणि फड विस्कटला. काही गावांत फड अजून तग धरून आहे, ती गावे धन्य होत.

जमिनीखालच्या पाण्याचे तर विचारूच नका. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात बोअर किती खोल गेले ते तेथील मंडळी जाणतात. विहीर माझी हे खरे, पण खालचा झरा माझ्या बांधाशी थांबत नाही. त्या झऱ्याचा पाटकरी कोण आणि पंच कोण? या प्रश्नाला बहुतेक गावांत अजून उत्तर नाही.

माझ्या हातून झालेली चूक

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला बरे वाटत नाही, पण दुसऱ्याला शहाणपण शिकवायचे तर आधी आपला खोटा आकडा खोडावा.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावात पाणी वापर संस्था उभी करायची होती. गावाचे नाव घेत नाही. मी मदतीला होतो. मार्चअखेर जवळ आली होती, वरून घाई होती. संध्याकाळी एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर आम्ही आठ-दहा जण बसलो. माझे अक्षर बरे म्हणून ठरावाची वही माझ्याकडे आली. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘सर्वानुमते मंजूर.’ उरलेल्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून गोळा झाल्या. टेलचे कोणीच आले नव्हते. त्यांना निरोप गेला की नाही, हे मी विचारले नाही.

पुढच्या रब्बीत हेडच्या मंडळींनी कांदा आणि ऊस लावला. टेलला गहू. गव्हाला पाणी केव्हा लागते हे मी त्याच गावात सांगितले होते. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात व चीक भरताना, आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरताना. टेलला पहिले पाणी मिळाले. दुसरे अर्धवट मिळाले. फुलोऱ्याचे पाणी वरच्या वरच संपले.

मार्चमध्ये टेलचे एक शेतकरी माझ्याकडे आले. हातात ओंब्यांची एक मूठ होती. त्यांनी तळहातावर ओंब्या चोळल्या, फुंकर मारली. भुसा उडाला आणि मागे राहिले ते दाणे जिऱ्यासारखे बारीक. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, त्या वहीत माझी सही आहे का, तेवढे बघून सांगा.’’

मी वही काढली. त्यांच्या नावापुढे सही होती. ती त्यांची नव्हती.

त्यांच्या पोरीचे त्या वर्षी लग्न ठरले होते. ते पुढे ढकलावे लागले. तेव्हापासून ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. सरकारने पाट दिला होता, पाणी सोडले होते, कायदाही केला होता. उणीव होती ती कारभारात, आणि त्या उणिवेत माझे सुवाच्य अक्षर होते.

कायद्याने हातात काय दिले आहे

आता उपायाकडे वळू. नुसते उसासे टाकून भागणार नाही.

महाराष्ट्रात २००५ साली शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करावे यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळायचे, वाटप व वसुली संस्थेने करायची. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल या तिघांनाही सारखे स्थान आहे. कायदा करणाऱ्यांना टेलचे दुखणे ठाऊक होते, म्हणून ही तरतूद झाली. टेलच्या बंधूंनो, ती जागा आपली आहे. आपल्या भागाचा संचालक कोण, हे आजच विचारा. नाव ठाऊक नसेल तर पहिल्या प्रश्नापाशीच घोडे अडले असे समजा.

भगिनींनो, संस्थेचे सभासदत्व जमिनीशी जोडलेले आहे. खुरपणी तुमची, रात्रीच्या पाळीला कंदील-बॅटरी घेऊन बांधावर उभे राहणेही पुष्कळदा तुमचेच, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर सभेत मत कसे देणार? आपल्या कारभाऱ्याशी हे एकदा शांतपणे बोला. कारभाऱ्यांनीही शांतपणे ऐकावे.

ग्रामसभेचेही तसेच. १९९३ पासून ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला मोठे स्थान मिळाले. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यानुसार सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतील जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे आली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तर सभा होतच नाही असे नव्हे. ती आपल्यावाचून होते, आणि ठराव आपल्या नावाने होतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. ठरावाची प्रत मिळाली नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करता येतो, आणि साधारणपणे ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक असते.

आज सातबारा मोबाईलवर दिसतो, अनुदान बँकेत जमा होते. याला ई-गव्हर्नन्स म्हणतात आणि ते चांगलेच आहे. चकरा वाचल्या. पण रात्री दोन वाजता पाटाचे दार कोणी उचलले, हे मोबाईल सांगत नाही. तिथे जागल्याच लागतो.

होते कोठे?

हे सगळे कागदावरचे, प्रत्यक्षात कोठे होते का? होते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझर येथील शेतकरी वाघाड धरणाच्या पाटाच्या शेवटाला होते. १९९० च्या सुमारास त्यांनी एकत्र येऊन पाणी वापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतले, पट्टी वेळेवर भरली. पुढे वाघाडच्या साऱ्या लाभक्षेत्रातील संस्था एकत्र आल्या. ज्यांना पाणी मिळत नव्हते त्यांनीच आधी हात घातला, हे ध्यानात ठेवा.

आणि आपल्या साक्री तालुक्यातले बारीपाडा तर घरचेच उदाहरण. उजाड झालेले डोंगर तेथील आदिवासी बांधवांनी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने पुन्हा हिरवे केले. कुऱ्हाडबंदी गावानेच ठरवली, राखण गावानेच केली, मोडणाऱ्याला दंड गावानेच केला. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी टिकू लागले. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या गावी जाऊन पाच प्रश्न विचारा. पाचांची उत्तरे लहान पोरेही देतात.

गाव करी ते राव न करी, ही म्हण आपण लग्नाच्या पंगतीत वापरतो. ती पाटावरही खरी आहे. मात्र रावाला मोकळे सोडा असे ती म्हणत नाही. धरण बांधणे, पाट दुरुस्त राखणे, ठरलेले आवर्तन ठरल्या दिवशी सोडणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेतलेच पाहिजे. गावाने राखण करावी आणि खात्याने पाणीच सोडू नये, याला कारभार म्हणत नाहीत. पण पाणी आल्यावर ते टेलपर्यंत जाईल की नाही, हे गावाच्या हातात आहे.

येत्या आठवड्यात एवढेच करा. आपल्या संस्थेची किंवा ग्रामपंचायतीची ठरावाची वही पाहायला मागा. आपल्या नावापुढची सही आपलीच आहे का, ते बघा. पुढची सभा टेलच्या शेतात घ्या असा आग्रह धरा. ओट्यावर बसून जे दिसत नाही ते तिथे उभे राहिले की दिसते.

राहिला आजोबांचा प्रश्न. चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो होतो. पाणी सरकारचे, पाट सरकारचा, मग आमचे काय? मी म्हणालो, ‘‘बाबा, कारभार तुमचा.’’ त्यांनी बशीतला चहा संपवला, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, ‘‘मग सभा कवय शे?’’

तारीख मी त्यांना सांगितली. आपणही आपल्या गावची विचारून ठेवा.